आढळले नाही

अख्लाक मियाँ लाखेचं सील फोडायच्या आधी
मी ते नमुन्याच्या ठशाशी ताडून पाहते.
जिल्हा भिंड. ठाण्याचं नाव घामानं पुसट.
तीन बरण्या, चौथीत नुसतं मिठाचं पाणी.
विवाहिता, वय बावीस.
नाव लिहिलेलं असतं, पण आम्ही नंबरच म्हणतो.
नावानं पिपेट हलते, हे मला माझ्या साहेबांनी सांगितलं होतं,
मी ऋचाला सांगते.

बरण्या ठाण्याच्या मालखान्यात पाच महिने अकरा दिवस होत्या.
त्यात मे आला, जून आला,
चंबळच्या बाजूचा तो उन्हाळा, ज्यात पंखासुद्धा तापाचा रोगी.

ऋचा भदौरिया, नोकरीचं पहिलं वर्ष, भिंडचीच.
फ्लास्कच्या तोंडावर सिल्व्हर नायट्रेटची पट्टी धरते
आणि पट्टी काळी होते.
"मॅडम, सल्फास."
आवाज असा, जणू त्या मुलीचा हातच हाती लागला.
मी म्हणते, आता लेड ॲसिटेटची धर.
तीही काळी.
सडलेलं मांसही काळंच बोलतं, बेटा.
विष आणि उशीर, दोघांची शाई एकच.

मग शिशाच्या क्षारात भिजवलेला कापूस मध्ये ठेवायचा,
सडकेपण गाळायचं आणि पुन्हा पट्टी धरायची.
कुशवाह खिडकी उघडतो. किल्ला दिसतो, लू आत येते,
खिडकी बंद.
पट्टी पांढरी.
पुन्हा. पांढरी.
तिसऱ्यांदा मीच धरते, चष्मा कपाळावर सरकवून.
पांढरी.
मोठ्या मशीनला हेलियम हवा, हेलियमला बिल,
बिलाला भोपाळ.

त्या दिवशी ऋचा डबा उघडत नाही.
"सगळ्या गावाला माहीत आहे, मॅडम. तुम्हालाही."
माहीत असणं हा आपला विभाग नाही, मी म्हणते,
आणि माझाच आवाज मला
दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावरून आल्यासारखा वाटतो.
सही संध्याकाळपर्यंत होत नाही.
सहाला, सगळे गेल्यावर, अहवालात एक ओळ वाढवते:
नमुना कुजलेला, विलंबाने प्राप्त,
वायुरूप विष असल्यास उडून गेलेले असू शकते.
एवढंच. "असल्यास" आणि "असू शकते"
यांच्या मधल्या फटीत
एका माणसाला जितकं उभं राहता येतं, तितकी उभी राहते.
घरी भाजीला लसूण ठेचताना
हात थांबतो. सल्फासलाही हाच वास.

दीड वर्षानं समन्स.
भिंडच्या कोर्टात पेशकार पुकारतो, डॉक्टर धवलीकर!
मी ढवळीकर. ढ गेला, ळ गेला,
तरी उठून उभी राहते, कारण हजर मीच.
वकील विचारतो, तर मग विष नव्हतं?
आढळले नाही.
म्हणजे नव्हतं?
आढळले नाही.
साहेब हसतात. "मॅडमना हिंदी कमी कळते वाटतं."
तीन पिढ्या लष्करात राहिलेलं आमचं घर.
मी तीच ओळ वाचते, वाढवलेली,
टायपिस्ट मान वर करून विचारतो, "उडून" की "उडवून"?
उडून, मी म्हणते.
मागच्या बाकावर एक म्हातारा
टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला. कुणाचा, विचारत नाही.

परतताना जीपमध्ये ऋचा बराच वेळ गप्प.
मेहगावच्या पुढे कुठेतरी म्हणते,
मॅडम, तुमचं नाव खरं कसं म्हणतात?
जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोडताना घाई करू नकोस.
ढवड़ीकर, ती म्हणते.
नाही.
ढवलीकर.
नाही. पण जवळ आलीस.
बाहेर मोहरीचं पीक काढून झालेली शेतं, धूळ,
ड्रायव्हर हसतोय.
ती पुन्हा तोंड उघडते.

उद्या चौदा बरण्या आहेत. एकीचं सील तडकलेलं,
ती परत पाठवावी लागेल.